पाउल योहान्सन कोण होते? मध्ययुगीन एस्टोनियाच्या इतिहासकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्टोनियाच्या मध्ययुगाबद्दल थोडंफार लिहायला लागल्यापासून एका माणसाचं नाव सारखं मध्ये येतं आणि त्यावरून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींत संपतात.

हे पाउल योहान्सन नेमके कोण?

बाल्टिक समुद्रकाठच्या टॅलिन शहराचे दप्तरदार आणि पुढे हॅम्बुर्ग विद्यापीठातले प्राध्यापक. जन्म २३ डिसेंबर १९०१, टॅलिनमध्ये. मृत्यू १९ एप्रिल १९६५, हॅम्बुर्गमध्ये. तेराव्या ते सोळाव्या शतकातला एस्टोनिया हा त्यांचा विषय. त्या काळाच्या इतिहासात राजे, बिशप आणि धर्मयोद्धे यांची गर्दी आहे. योहान्सनना मात्र जमाबंदीच्या याद्या, खंडवसुलीच्या वह्या आणि शहराच्या हिशेबाची बाडं यांत जास्त रस. कुठल्या खेड्यात किती नांगरांची जमीन होती, ती कोणाकडून काढून कोणाला दिली, शहरात गाडी हाकणारा माणूस कुठल्या गावचा, असले त्यांचे प्रश्न.

ते एस्टोनियन, जर्मन की डेनिश?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. वडील डेन्मार्कचे. शेतजमीन सुधारणीच्या कामासाठी इकडे आले आणि पुढे टॅलिनमध्ये डेन्मार्कचे कॉन्सुल झाले. घरचं वळण शहरातल्या जर्मन समाजाचं. मुलगा जन्मला तेव्हा टॅलिन रशियन साम्राज्यात होतं आणि जर्मन लोक त्याला रेवाल म्हणत. सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत तेच शहर स्वतंत्र एस्टोनिया प्रजासत्ताकाची राजधानी झालं. योहान्सन मुख्यतः जर्मनमध्ये लिहीत. डेनिश आणि एस्टोनियन येत होत्याच. जुन्या कागदांसाठी लॅटिन लागे, आणि तिच्याहून जास्त लागे ती हान्सा व्यापाऱ्यांची, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघातल्या लोकांची, ‘खालची जर्मन’ ही उत्तर जर्मनीची बोली.

माझं मत विचाराल तर ते टॅलिनकर होते. वंश वडिलांचा, लेखणी जर्मन, पण कागद सगळे या एका शहराचे आणि आसपासच्या खेड्यांचे. विषयही त्यांनी असाच निवडला की डेनिश दरबार, जर्मन सरंजामदार आणि एस्टोनियन कुळं एकाच यादीत भेटावीत.

शिक्षण कुठे झालं?

कोपनहेगन आणि लाइपझिग. लाइपझिगला रुडोल्फ क्योट्श्के हे गावं-वस्त्यांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक होते. गावाचा आकार, शेतांच्या पट्ट्या आणि गावाचं नाव यांवरून ते गाव कोणी आणि कधी वसवलं हे काढायची विद्या योहान्सन तिथे शिकले. १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळाली, विषय मध्ययुगातल्या एस्टोनियन लोकांची वस्ती आणि शेती. तो प्रबंध १९२५ मध्ये तार्तू या एस्टोनियातल्या विद्यापीठाच्या शहरात छापला गेला.

तेव्हा तार्तू विद्यापीठही नव्याने उभं राहत होतं. एस्टोनियन भाषेत इतिहास शिकवायला माणसं पुरेशी नव्हती, म्हणून फिनलंडहून ए. आर. सेडरबर्ग यांना बोलावलं होतं. त्यांच्या हाताखाली हान्स क्रूस वगैरे पिढी तयार झाली. योहान्सन या मंडळींपासून जरा बाजूला, टॅलिनच्या दप्तरखान्यात राहिले.

दप्तरखान्यातली नोकरी म्हणजे कारकुनीच ना?

थोडी कारकुनीच. १९२४ पासून ते ओटो ग्राइफेनहागेन यांच्या हाताखाली टॅलिनच्या नगर दप्तरखान्यात होते. १९३४ मध्ये स्वतः नगर दप्तरदार झाले. पण या दप्तराचा आवाका लक्षात घ्या. टॅलिन हे हान्सा संघातलं शहर. नगरसभेने शतकानुशतकं पत्रव्यवहार, कर्जखाती, दंडाच्या नोंदी, घरखरेदीची खतं असं सगळं जपून ठेवलेलं. मोडीची बाडं ज्यांनी उलगडून वाचली आहेत त्यांना हे सुख आणि ही डोकेदुखी सांगायला नको.

याच दप्तरात, नोकरीत कायम होण्याच्याही आधी, १९२३ मध्ये त्यांना एक वही सापडली. वय एकवीस. वही कुल्लामा गावच्या खंडवसुलीची: कुठल्या गावाने काय द्यायचं याची कोरडी नोंद. हिशेबाच्या त्या पानांमध्ये कोणीतरी एस्टोनियन भाषेत प्रार्थना लिहून ठेवल्या होत्या. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’, मेरीची प्रार्थना आणि श्रद्धेची कबुली. लिहिणारा कुल्लामाचा पाद्री, योहानेस लेलो. काळ १५२४ ते १५३२ च्या दरम्यानचा.

त्याआधीची एस्टोनियन सापडते ती लॅटिन आणि जर्मन लिखाणात विखुरलेली: एखादं गावाचं नाव, एखादी आरोळी. सलग मजकुरांत आज हाती असलेला सर्वांत जुना तो हा. रोज खंड मोजणाऱ्या पाद्र्याला त्याच कुळांपुढे प्रार्थना म्हणायच्या होत्या, आणि त्या पाठ नसाव्यात, म्हणून हाताशी असलेल्या वहीत उतरवून ठेवल्या, असं मला ते पान समजतं. वही वसुलीची होती म्हणूनच ती जपली गेली. सुटा कागद असता तर केव्हाच चूल पेटवायला गेला असता.

पहिलं एस्टोनियन छापील पुस्तकही त्यांनीच शोधलं, हे खरं का?

नाही, इथे गल्लत होते. १५३५ मध्ये विटेनबर्गला छापलेल्या, एका बाजूला खालची जर्मन आणि दुसऱ्या बाजूला एस्टोनियन अशा धर्मप्रश्नोत्तरीचे तुकडे १९२९ मध्ये हेल्मुट वाइस यांना एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत सापडले. बाइंडरने रद्दी म्हणून पुठ्ठ्यात घातलेली ती पानं, एकूण अकरा, तीही अर्धवट. वाइस आणि योहान्सन यांनी मिळून १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. लेखक सिमोन वानराट, अनुवादक टॅलिनच्या पवित्र आत्मा चर्चचे पाद्री योहान कोल. त्या पुस्तकात चुका आहेत म्हणून नगरसभेने त्याच्या विक्रीवर बंदी आणली होती, त्यामुळेच प्रती उरल्या नाहीत. शोध वाइस यांचा, पण कागद वाचून त्याची कुंडली मांडण्यात योहान्सनचा हात होता.

त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?

१९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एस्टोनिया यादी’वरचा जाडजूड ग्रंथ. याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांची सगळी पद्धत त्यात दिसते.

डेन्मार्कच्या राजाच्या जमाबंदीचं एक हस्तलिखित कोपनहेगनच्या राष्ट्रीय दप्तरात आहे. त्यात उत्तर एस्टोनियाची, म्हणजे हार्यू आणि विरू या भागांची एक यादी आहे. सुमारे ५०० गावांची नावं, प्रत्येक गावापुढे जमीन किती नांगरांची तो आकडा, आणि ती ज्याच्याकडे दिली त्या सरंजामदाराचं नाव. असे ११४ सरंजामदार. शेवटचा हात फिरला तो १२४१ च्या सुमारास. आजच्या पुष्कळ एस्टोनियन गावांच्या वेशीवर ‘प्रथम उल्लेख १२४१’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं, ते या यादीच्या जोरावर. आजचं ‘योह्वी’ तिथे ‘गेवी’ असं आहे. ‘मार्दू’ आहे ‘मार्तेक्यूले’. त्यातलं ‘क्यूला’ म्हणजे गाव. लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते उतरवलं आहे.

योहान्सनच्या आधी ही यादी छापली गेली होती, वापरलीही जात होती. पण लोक ती एका बैठकीत केलेली मोजणी समजत. योहान्सननी दाखवलं की ती एकावर एक थर चढलेली वही आहे. त्यांच्या मते खालचा थर १२१९-२० च्या सुमाराचा. त्या वर्षी डेन्मार्कचा राजा वाल्देमार दुसरा टॅलिनला उतरला आणि बाप्तिस्म्याची मोहीम निघाली. कोणत्या गावात पाद्री पोचला, किती नांगर, ही मूळ नोंद. त्यावर पुढच्या वीस वर्षांतले जमिनीचे फेरफार चढत गेले.

हे त्यांनी सिद्ध कसं केलं? गावांची नावं नकाशावर मांडून. यादीतला क्रम पाहिला की एखादा माणूस घोड्यावरून कुठल्या रस्त्याने गेला असेल ते दिसू लागतं. जिथे क्रम मोडतो तिथे नंतर कोणीतरी हात घातला आहे. मग प्रत्येक सरंजामदाराचं घराणं शोधलं, तेव्हा निघालं की डेनिश राजाच्या या सरदारांत बहुतेक जर्मन.

बाप्तिस्म्याच्या मोहिमेचं काय प्रकरण आहे?

त्याच काळात लॅटव्हियात राहणारा पाद्री हेन्रीक याने लिव्होनियाची, म्हणजे आजच्या लॅटव्हिया-एस्टोनियाच्या मुलखाची, बखर लिहिली, १२२५ ते १२२७ च्या दरम्यान. तो रीगाच्या जर्मन बिशपाच्या बाजूचा. तो चिडून लिहितो की रीगाचे पाद्री पोचण्याआधी गावं आपल्या नावावर लागावीत म्हणून डेन, म्हणजे डेन्मार्कच्या, लोकांनी साध्या माणसांच्या हातून तीर्थाचं पाणी पाठवलं आणि गावोगाव मोठे लाकडी क्रूस उभारले. विरूतल्या ताबेलिन नावाच्या गावप्रमुखाने जर्मनांकडून बाप्तिस्मा घेतला म्हणून डेन लोकांनी त्याला फाशी दिलं. म्हणजे बाप्तिस्मा कोणी दिला त्यावर गाव कोणाचं ते ठरत होतं. ही गोष्ट डोक्यात ठेवून यादी पाहिली की पाद्र्यांच्या फेरीची नोंद जमाबंदीत का सापडावी हे कळतं.

यादीत ‘हाकललेले’ असा शेरा आहे म्हणतात, तो कोणाबद्दल?

काही गावांपुढे आधीच्या ताबेदाराचं नाव देऊन लॅटिनमध्ये शेरा मारला आहे: हाकललेला, दूर केलेला. १२२७ मध्ये खड्गबंधू नावाच्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने टॅलिन डेन लोकांकडून घेतलं आणि जमिनी आपल्या लोकांत वाटल्या. १२३८ च्या स्टेन्स्बी तहाने मुलूख पुन्हा डेन्मार्ककडे आला. मधल्या अकरा वर्षांत कोण बसलं, कोण उठलं, हा सगळा पसारा त्या दोन शब्दांत आहे. योहान्सनने यातली नावं एकेक करून सोडवली. काव्य वगैरे काही नाही त्यात, पण तेराव्या शतकातल्या फेरफाराची वही म्हणून ती वाचताना मजा येते. तलाठ्याच्या कार्यालयात ज्यांनी एखादा सातबारा शेवटपर्यंत वाचला आहे त्यांना जास्तच.

१९३९ मध्ये त्यांनी एस्टोनिया का सोडला?

हिटलर आणि स्टालिन यांच्यात ऑगस्ट १९३९ मध्ये करार झाला आणि त्यात एस्टोनिया आणि लॅटव्हिया सोव्हिएत वाट्याला गेले. त्यानंतर हिटलरने तिथल्या जर्मनांना ‘परत’ बोलावलं. ज्यांच्या घराण्यांना तिथे सातशे वर्षं झाली होती त्यांनाही. ऑक्टोबर १९३९ पासून टॅलिन बंदरातून बोटी सुटल्या आणि काही महिन्यांत तेरा-चौदा हजार लोक गेले. योहान्सनही त्यांत होते. १९४० मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठात हान्सा आणि पूर्व युरोपच्या इतिहासाचं अध्यासन त्यांना मिळालं.

त्यांच्या कारकिर्दीचे सरळ दोन भाग पडतात, टॅलिनचा आणि हॅम्बुर्गचा. बहुतेक चरित्र-टिपणांत प्राध्यापकीला वरचं स्थान दिलेलं असतं. मला ते उलटं वाटतं. हॅम्बुर्गमध्ये त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं टॅलिनच्या पंधरा वर्षांत गोळा केलेल्या सामानावर उभं आहे.

हॅम्बुर्गमध्ये काय केलं मग?

शिष्य घडवले. खड्गबंधूंच्या संघावर मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रीडरिख बेनिंगहोफेन आणि पुढे स्वतः हॅम्बुर्गमध्ये प्राध्यापक झालेले नोर्बर्ट आंगरमान हे त्यांचेच विद्यार्थी. लिखाणात तीन गोष्टी सांगण्यासारख्या.

१९५१ मध्ये टॅलिनच्या स्थापनेवर पुस्तक आलं. म्हणणं असं की १२१९ च्या विजयाआधीच तिथे स्कँडिनेव्हियन व्यापाऱ्यांची वस्ती आणि संत ओलाफचं चर्च होतं. १९५३ मध्ये पाद्री हेन्रीकच्या बखरीवर दीर्घ लेख आला: बखर हेच त्याचं चरित्र आहे, ती नीट वाचली तर तो लॅटव्हियन नसून जर्मनीतून आलेला होता हे कळतं. आणि १९५८ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या ‘व्यापाऱ्यांच्या चर्च’वरचा लेख. परक्या बंदरात व्यापारी आधी चर्च बांधत, कारण दगडी भिंतींचं, कुलुपाचं आणि देवाच्या धाकाचं ते सगळ्यात सुरक्षित गोदाम. प्रार्थना आणि मालाच्या गोण्या एकाच छताखाली. हा लेख मला त्यांचा सगळ्यात चटकदार वाटतो.

बाल्थाझार रुसो प्रकरण काय आहे?

रुसो हा सोळाव्या शतकातला टॅलिनचा पाद्री, त्याच पवित्र आत्मा चर्चचा, जिथे एस्टोनियन बोलणारी गरीब माणसं जमत. १५७८ मध्ये त्याची लिव्होनियाची बखर छापली गेली, खालच्या जर्मनमध्ये. या मुलखासाठी रशिया आणि शेजारच्या राज्यांत झालेलं लिव्होनियन युद्ध त्यात आहे, आणि त्याआधीच्या सरदारांच्या खाण्यापिण्याच्या, लग्नांच्या चैनीवर त्याने तोंडसुख घेतलं आहे. पुस्तक हातोहात खपलं. अशी जर्मन बखर लिहिणारा माणूस जर्मनच असणार, असं सगळे धरून चालले होते.

योहान्सनने शहराच्या नोंदी जुळवून सांगितलं की रुसो हा सायमन रिसा नावाच्या एस्टोनियन गाडीवाल्याचा मुलगा. घोडागाडीने माल वाहणाऱ्याचा पोरगा पाद्री झाला आणि मालकांच्या भाषेत मालकांचा इतिहास लिहिला! साखळीतल्या काही कड्या अंदाजाच्या आहेत, त्यावर आक्षेपही आले. पण टॅलिनच्या यान क्रोस या कादंबरीकाराने हा धागा उचलला आणि १९७० ते १९८० या काळात रुसोच्या आयुष्यावर चार खंडांची कादंबरी लिहिली. एस्टोनियात गाडीवाल्याचा मुलगा म्हणून रुसो घरोघरी पोचला तो त्यामुळे. योहान्सनचं स्वतःचं रुसोवरचं पुस्तक मात्र १९९६ मध्ये छापून आलं, मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.

‘जर्मन आणि बिगरजर्मन’ हा त्यांचाच शब्दप्रयोग का?

शब्द मध्ययुगीन कागदांतलाच आहे. टॅलिनमध्ये एस्टोनियन हमाल, बिअर वाहणारे, गवंडी, गाडीवाले यांना कागदोपत्री ‘बिगरजर्मन’ म्हणत. माणूस काय आहे हे न सांगता काय नाही ते सांगणारा शब्द. योहान्सनने टॅलिनमधल्या या लोकांच्या नोंदी वेचल्या: कोणाची घरं होती, कोण कुठल्या कारागीर संघात होता, कोणाचा मुलगा वर चढला. हाइन्झ फोन त्सुर म्यूलेन यांनी ते काम पुरं केलं आणि १९७३ मध्ये दोघांच्या नावाने ग्रंथ निघाला. आजचे अभ्यासक म्हणतात की वंशाची रेघ इतकी ठळक ओढता येणार नाही. पैसा आला, लग्न जमलं की माणूस भाषा बदलत असे. हा आक्षेप मला पटतो. मात्र तो घेणारेही पुरावा योहान्सनने वेचलेलाच वापरतात.

ते कुठे चुकले?

टॅलिनची १२१९ आधीची व्यापारी वस्ती. नावं, संतांची निवड आणि रस्त्यांची आखणी यांवरून त्यांनी ती उभी केली. उत्खनन करणाऱ्यांना तेवढा भरभक्कम पुरावा हाती लागलेला नाही आणि वाद चालू आहे. एकूणच गावाच्या नावावर त्यांचा भार जरा जास्त असे. लाइपझिगच्या शिक्षणाचा तो गुण आणि तोच दोष.

टॅलिनच्या त्या दप्तराचं पुढे काय झालं?

१९४४ मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर जर्मनांनी सगळ्यात जुने कागद बाहेर काढले. ते आधी पूर्व प्रशियात, मग पश्चिम जर्मनीत, पुढे गॉटिंगेन आणि शेवटी कोब्लेंझला गेले. शहर सोव्हिएत संघात आणि त्याचं मध्ययुग जर्मनीत, अशी चमत्कारिक स्थिती पंचेचाळीस वर्षं होती. टॅलिनमधल्या अभ्यासकाला आपल्याच शहराचे कागद पाहायला लोखंडी पडदा ओलांडावा लागे.

१९९० मध्ये अदलाबदल झाली. ल्युबेक, ब्रेमेन आणि हॅम्बुर्गचे जे दप्तर युद्धानंतर सोव्हिएत बाजूला अडकलं होतं ते जर्मनीला मिळालं, आणि टॅलिनचं टॅलिनला. आता ते जुन्या शहरात तोल्ली रस्त्यावरच्या नगर दप्तरखान्यात आहे. योहान्सनने ज्या बाडांवर आयुष्य काढलं ती घरी आली, तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

नावाचा उच्चार जोहान्सन की योहान्सन?

योहान्सन. जर्मन आणि एस्टोनियन दोन्हींत ‘य’च.

मला वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू?

जर्मन येत असेल तर व्यापाऱ्यांच्या चर्चवरचा लेख घ्या; छोटा आहे आणि तज्ज्ञ नसलात तरी अडत नाही. १९३३ चा ग्रंथ पहिल्याच दिवशी उघडू नका. तो सलग वाचायचा नाहीच. एखादं गाव मनात धरून त्याची नोंद पाहायची, मग शेजारच्या गावाची. एस्टोनियन वाचणाऱ्यांसाठी युरी किविमाए यांनी २००५ मध्ये योहान्सनच्या निवडक लेखांचा संग्रह काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘दूरच्या काळाची चमक’. फक्त इंग्रजी येत असेल तर योहान्सन थेट वाचणं कठीण आहे, पण पाद्री हेन्रीकची बखर इंग्रजीत मिळते. ती वाचताना डेन पाद्री गावोगाव फिरू लागले की टॅलिनच्या पूर्वेचा नकाशा शेजारी उघडा ठेवा आणि त्यावर मार्दू शोधा.